किटली घेताना आत हात घालून बघा

बाजारात भांड्यांच्या दुकानी गेल्यावर बायामाणसांचे लक्ष आधी पराती-पातेल्यांकडे जाते. किटलीची आठवण निघते ती अगदी शेवटी, पिशव्या भरल्यावर आणि बरोबरची पुरुष मंडळी घाई करू लागल्यावर. मग "त्यातली एक चकचकीत द्या हो" म्हणून ती घेतली जाते. वास्तविक शेतकऱ्याच्या घरात दुसरे कोणते भांडे दिवसाकाठी इतक्या वेळा विस्तवावर चढते आणि हातात उचलले जाते? आल्यागेल्याचा चहा, म्हाताऱ्या माणसांना प्यायला गरम पाणी, आणि दोन वेळा वावरात जाणारा मजुरांचा चहा, सगळे तिच्याच जिवावर.

आमचे गाव निफाड तालुक्यात. उन्हाळ कांद्याची लावणी आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत चालते आणि तेव्हाच निफाडची थंडी ऐन भरात असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेला, अशा बातम्या दोन-चार वर्षांआड वाचायला मिळतात. अशा दिवसांत गार पाण्याने भिजलेल्या वाफ्यात वाकून रोपे लावणाऱ्या पंधरा बाया सकाळी दहाला चहाची वाट बघत असतात. लावणीला बाया मिळवणे किती जिकिरीचे झाले आहे, हे ज्याच्या त्याच्या घरी माहीत आहे. ज्या वावरात चहा गार येतो, तिथली गोष्ट गावात दुसऱ्या दिवशी झालेली असते! तेव्हा किटली ही काही फडताळात मिरवायची वस्तू नव्हे.

आधी माप बघू. एका बाईला एक पेला म्हणजे शंभर-सव्वाशे मिली धरला, तर पंधरा जणींना पावणेदोन-दोन लिटर चहा लागतो. म्हणून दोन लिटरची किटली आणतात, इथेच फसगत होते. किटली गळ्यापर्यंत भरायची नसते; पाऊण भरली तरच ती चालताना आणि उकळताना सांडत नाही. तेव्हा अडीच-तीन लिटरची घ्यावी. त्याहून मोठी मात्र नको. तीन लिटर चहा म्हणजे तीन किलो वजन, वर भांड्याचे वेगळे, आणि ते एका हातात धरून बांधावरून चालायचे आहे. आणखी एक खूण: तोटीचे टोक किटलीच्या काठाच्या बरोबरीने तरी वर असावे. तोटी खाली असेल तर किटली तिथपर्यंतच भरते, आणि उकळी आली की चहा तोटीतून चुलीत.

धातूचे म्हणाल तर प्रत्येकाचे गुणदोष आहेत. सासूबाईंच्या माहेरची पितळी किटली आमच्या माळ्यावर आहे. दिसायला राजेशाही! पण पितळेला आतून कल्हई हवी, आणि कल्हईचे कथील 232 अंशांना वितळते. पाणी आटून किटली कोरडी विस्तवावर राहिली की कल्हई गेलीच म्हणायची. शिवाय दारावर येणारे कल्हईवाले आता फारसे दिसत नाहीत. इनॅमलची किटली घासायला सोपी, पण दगडावर आपटली की टवका उडतो आणि आतले लोखंड गंजू लागते. घरात ठीक, वावरात नको.

उरल्या दोन: जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनिअमची, आणि स्टीलची. अॅल्युमिनिअम स्टीलपेक्षा दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून जर्मनची किटली सगळीकडून सारखी तापते, तर पातळ बुडाच्या स्टीलच्या किटलीत ज्योतीच्या वरचीच जागा तापते आणि दूध तिथे लागते. दुधाचा चहा उकळायचा तर जाड जर्मन बरे. मात्र त्यात चहा तासन् तास ठेवू नये, चिंच-लिंबासारखे आंबट काही मुळीच शिजवू नये आणि धुण्याच्या सोड्याने घासू नये. सोडा तो धातू खातो. नुसते पाणी तापवायचे आणि पातेल्यात उकळलेला चहा गाळून न्यायचा, तर स्टीलची घ्या. ती पोचत नाही आणि जन्मभर टिकते. माझे मत विचाराल तर स्टीलची, जाड बुडाची. दोन सारख्या मापाच्या किटल्या तराजूत टाकायला सांगा. जी जड भरेल तिचा पत्रा जाड. केंद्र सरकारने 2024 साली स्टील व अॅल्युमिनिअमच्या भांड्यांसाठी आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. तेव्हा किटली उलटी करून बुडाखाली ते चिन्ह आहे का, हेही बघून घ्यावे.

पण माझ्या लेखी धातूहून मोठी गोष्ट आहे कडी. 2011 सालच्या लावणीत आमच्या धाकट्या जाऊबाई वावरात चहा घेऊन निघाल्या होत्या. किटली लग्नातल्या आहेरात आलेली, आरशासारखी लखलखीत. कडीचा कान मात्र एकाच बारीक रिव्हेटवर टांगलेला. अंगणातच तो कान निसटला आणि उकळता चहा दोन्ही पायांवर आला. शेजारची एक टूथपेस्ट घेऊन धावली, दुसरी शाईची दौत. सासूबाईंनी दोघींना बाजूला सारून त्यांना मोटारीच्या धारेखाली बसवले आणि चांगली वीस मिनिटे उठू दिले नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तेच योग्य झाले. भाजल्यावर साधे वाहते पाणी वीस मिनिटे, वर काहीही फासायचे नाही, फोड फोडायचे नाहीत. तरी त्यांचा महिना अंथरुणात गेला, आणि तो महिना ऐन कामाचा.

तेव्हापासून आमच्या घरी किटली घ्यायला जाऊबाईच जातात. त्यांची रीत सांगते. त्या आधी कडीचे दोन्ही कान बघतात. प्रत्येक कानाला दोन रिव्हेट किंवा नीट वेल्डिंग हवे. मग दुकानदाराकडे पाणी मागतात. तो कुरकुरतो, पण देतो. किटली पाऊण भरून त्या दुकानात दहा पावले चालतात. कडी बोटांत रुतते का, किटली पुढे कलते का, वाकवली की झाकण निसटून पेल्यात पडते का, सगळे तिथेच कळते. मग धार धरून बघतात. धार एकसंध पडावी आणि थांबवल्यावर ओघळ तोटीखालून हातावर येऊ नये. एका दुकानदाराने त्यांना विचारले, "बाई, म्हैस घेताय की किटली?" त्या म्हणाल्या, "म्हशीची धार बघूनच देता ना?"

कडीची मूठ लाकडाची असावी. प्लॅस्टिकची मूठ गॅसवर कशीबशी टिकेल, पण वावरात तीन दगडांच्या चुलीवर चहा परत तापवताना जाळ बाजूंनी वर येतो आणि ती वितळते.

तोंडाचे तर मी मथळ्यातच सांगितले. किटलीत आपला हात मनगटापर्यंत गेला पाहिजे. अरुंद तोंडाची किटली वरून धुतली जाते, आतून नाही, आणि तोटीच्या मुळाशी साय व चोथा साठून दुसऱ्या दिवशीच्या चहाला वास मारतो. तोटीत निंबाची काडी फिरवून रोज पाणी काढावे. तोटी गळू लागली तर मात्र डाख देऊन आणू नये; साध्या डाखात शिसे असते आणि ते पोरांच्या पोटात जाणे फार वाईट. अशी किटली कोंबड्यांना पाणी घालायलाही ठेवू नका, सरळ मोडीत द्या.

बोअरचे पाणी जड असेल तर आत पांढरी खपली धरते. तिच्यामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि गॅस जास्त जळतो. स्टीलच्या किटलीत पाणी आणि दोन-तीन पिळलेल्या लिंबांच्या साली घालून उकळी आणा, अर्धा तास तसेच ठेवा, मग चोळून धुवा. महिन्यातून एकदा केले तरी पुरे. आणि चुलीवर चढवायच्या आधी बुडाला बाहेरून ओल्या राखेचा हात फिरवला की काजळी राखेबरोबर निघून येते, घासण्यात अर्धा तास जात नाही.

जाता जाता: गुळाचा चहा किटलीत करणार असाल तर दूध वेगळे तापवून, किटली खाली उतरवल्यावरच घाला. गुळात दूध उकळले की फाटते, आणि फाटलेल्या दुधाची ती कणी तोटीतून काढता काढता पुरेवाट होते.