कॅसेट गेलेली नसते

नगर जिल्ह्यात 1990च्या दशकात लग्नाचं शूटिंग गावोगाव पोचलं, आणि पाथर्डी-शेवगावपासून संगमनेरपर्यंत कितीतरी कपाटांत त्या व्हीएचएस कॅसेटी आजही पडून आहेत. जुना व्हीसीपी शोधून नव्या एलईडी टीव्हीला जोडला की चित्र वरच्या बाजूला वाकतं, फाटतं, मधेच निळा पडदा येतो, 'नो सिग्नल' अशी पाटी झळकते. मग घरातले सगळे एकमताने निकाल देतात की कॅसेट गेली. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो असं माझं ठाम मत आहे. टेपवरचं चित्र शाबूत असतं, ते टीव्हीपर्यंत नीट पोचलेलं नसतं.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या 625 ओळी असतात, सेकंदाला 25 चित्रं, आणि प्रत्येक ओळीला 64 मायक्रोसेकंद. व्हीसीपीतला ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेत ती ओळ टेपवरून वाचतो. वर्षानुवर्षं पडून टेप किंचित ताणलेली असते, रबरी पट्टे सैल झालेले असतात, त्यामुळे एखादी ओळ थोडी आधी येते, एखादी थोडी उशिरा. जुनी पिक्चर ट्यूब हे सहज सांभाळून घ्यायची, ओळ येईल तसा तिचा किरण धावायचा. नवा टीव्ही मात्र आलेला सिग्नल आधी आकड्यांत उतरवतो, त्याला वेळेची शिस्त लागते, आणि ती फार बिघडली की तो पडदाच झाकतो. खात्री करायची तर तोच व्हीसीपी आणि तीच कॅसेट एखाद्या जुन्या डबा टीव्हीला लावावी, बहुतेकदा चित्र सलग चालतं. याहून पक्का पुरावा म्हणजे मधे डीव्हीडी रेकॉर्डर जोडणं. तो आलेलं चित्र स्वतःच्या मेमरीत घेतो आणि नव्याने, नेमक्या वेळेत बाहेर सोडतो. टेप खरंच गेलेली असती तर मधल्या यंत्राने काय दाखवलं असतं? चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसते तिचंही असंच. ती ड्रमवरचं वाचणारं हेड बदलण्याची जागा, पहिल्यापासून तिथेच होती, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची.

व्हीसीपी टीव्हीला जोडणाऱ्या पिनांचा घोळ त्यापेक्षा सोपा, पण फसवा. पुष्कळ टीव्हींवर चित्राची पिवळी पिन आणि 'कॉम्पोनंट'ची हिरवी पिन एकाच भोकात जाते. टीव्हीचं सेटिंग 'कॉम्पोनंट'वर राहिलं की रंगीत लग्न काळं-पांढरं दिसतं. काही टीव्हींना तीन पिनांऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, आणि कॅमेऱ्यासोबत आलेली तशीच दिसणारी वायर त्यात चालेलच असं नाही, कारण आतली जुळणी निराळी असते. अशा वेळी पिवळ्याच्या जागी लाल लावून पाहावी.

यावर कुणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, बाजारात स्वस्त कन्व्हर्टर मिळतो, तो लावला की एचडीएमआय झालं. कधी कधी होतंही. पण साध्या कन्व्हर्टरमध्ये वेळ दुरुस्त करणारी मेमरी सहसा नसते, म्हणजे टीव्ही जिथे अडखळत होता तिथे आता डबी अडखळते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सरळ पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि विषय मिटवा. उतरवून घ्यायलाच हवं, त्यात वाद नाही. मात्र उतरवणारं यंत्रही त्याच पिवळ्या पिनेतून चित्र घेतं. जोडणी कच्ची असेल तर फाटलेलं चित्र फाइलमध्ये कायमचं बसतं, आणि मग कॅसेट भंगारात गेली की परत जायला वाटच उरत नाही. म्हणून आधी टीव्हीवर चित्र स्थिर करावं, मग उतरवावं. प्रत्येक वेळी चालवल्याने टेप झिजते हे खरं, त्यासाठी जुळवाजुळव सिनेमाच्या एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करावी.

खरोखर बिघडलेल्या कॅसेटी नसतात असं मात्र नाही. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालूच नये, हेडला लागून ती पुढच्या कॅसेटीत जाते. आपला जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेतला, त्यामुळे कोकणाइतकी बुरशी इथे धरत नाही. इथे शत्रू धूळ. हेडवर ती बसली की पडद्यावर नुसते पांढरे ठिपके येतात आणि तेव्हाही दोष कॅसेटलाच दिला जातो.

मला या कामाची तळमळ वाटते ती नवरा-नवरीच्या मागे जे दिसतं त्यामुळे. धाब्याची घरं, कोरडी विहीर, उघडेबोडके डोंगर. हिवरे बाजारसारख्या गावांनी पाणलोटाची कामं करून रूप पालटलं, पण शेजारच्या कितीतरी गावांचं आधीचं हलतं चित्र फक्त अशा घरगुती टेपांवर असेल. म्हणूनच चित्र मूळच्या 4:3 आकारात ठेवावं, पडदाभर ताणू नये किंवा वरखाली कापू नये. आणि यंत्रंही जपायला हवीत: व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने 2016 साली उत्पादन थांबवलं. घरात चालू व्हीसीपी असेल, माळ्यावर डबा टीव्ही असेल, तर सगळ्या कॅसेटी उतरवून होईपर्यंत दोन्ही भंगारवाल्याला देऊ नयेत.