आक्कांचं देणं

आमच्या घरावर भोई आळीतल्या आक्कांचं देणं आहे, आणि ते पैशातलं नाही. भीमेकाठी तेव्हा रिवाजच होता. आक्का वर्षभर दारी मासे घालायच्या आणि सुगीला खळ्यावरून ज्वारी न्यायच्या. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं, तसं आमचं रानही बुडालं. ज्वारी संपली, पण आक्कांची पाटी येतच राहिली. आई नको नको म्हणाली, तेव्हा आक्का म्हणाल्या, "वैनी, रान पाण्यात गेलं, पोरांची भूक गेली व्हय?" त्या वर्षांत आम्ही भावंडं वाम, शिंगटा आणि मरळ खाऊन वाढलो.

नदीचं मला जे कळतं, तेही त्यांच्यामुळेच. मृगाच्या पहिल्या पुराला मासे चढणीला लागतात, ओढ्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालायला. नेमके तेव्हाच लोक काठ्या-कोयते घेऊन त्यांच्यावर तुटून पडतात. आक्का त्या दिवसांत घरात कुणाला जाळं उचलू देत नसत. "गाभोळीचा मासा मारला, तर पुढल्या साली काय दगडं धरायची?" विणीचा काळ म्हणून समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात. ओढ्यावर विचारणारं कोणी नाही.

शिवाय चढायला वाट तरी कुठे उरलीय? जागोजागी बंधारे आहेत. पुणे-पिंपरीचं सांडपाणी उजनीत उतरतं, वर जलपर्णी माजते. बारीक आसाच्या वडाप जाळ्यात बोटाएवढी पिल्लंही निघतात. या सगळ्यात तगली ती चिलापी. १९५२ साली परदेशातून भारतात आणलेला हा मासा अंडी तोंडात सांभाळतो, त्याला चढणीची गरजच नाही.

आक्कांचा नातू आज भिगवणच्या मासळी बाजारात बसतो. त्याच्यापुढे बहुतेक चिलापीच असते. तिच्यावर त्याच्या मुलींची शाळा चालते, म्हणून तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण आक्कांची वाम आणि मरळ नदीतून जावी, हेही मला सोसवत नाही. पावसाळ्याच्या तोंडी मी ओढ्याकाठच्या वस्त्यांवर जातो, चढणीचा मासा सोडा म्हणून सांगतो. काही ऐकतात, काही नाही. नातू सोबत येतो. कोणत्या ओढ्याला अजून मासा चढतो, ते त्यालाच ठाऊक आहे.