ग्रिनिच : नदीकाठापासून शून्य रेखांशापर्यंत

टेम्स नदीच्या दक्षिण काठावरचे ग्रिनिच आज लंडन महानगरात मिसळून गेले आहे. नदीलगत शिडाचे एक जुने जहाज, त्याशेजारी खलाशांसाठी उभारलेल्या भव्य इमारती, त्यामागे सागरी संग्रहालय, मग उद्यानाची चढण आणि माथ्यावर वेधशाळा असा हा परिसर आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बहुतेक पर्यटक थेट टेकडी गाठतात आणि शून्य रेखांशाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून छायाचित्र काढतात. भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र नदीकडून वर चढत जावे. गरज समुद्रावर निर्माण झाली आणि उत्तर आकाशात शोधले गेले, तोच क्रम पायांखालीही राहतो.

नदीकाठचे ‘कटी सार्क’ हे जहाज १८६९ चे. चीनमधून चहा आणण्यासाठी ते बांधले, आणि त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला. कालव्यातून जाणाऱ्या आगबोटींनी चहाची वाहतूक ताब्यात घेतली, तेव्हा हे जहाज ऑस्ट्रेलियातून लोकर आणू लागले. सांगाडा लोखंडी आणि त्यावर लाकडी फळ्या, अशी त्याची बांधणी आहे. २००७ च्या आगीनंतर झालेल्या दुरुस्तीत ते जमिनीपासून सुमारे तीन मीटर उचलून धरले गेले. त्यामुळे थेट तळाखाली उभे राहून धातूच्या पत्र्याने मढवलेली कातीव बाजू पाहता येते.

पुढच्या इमारती मुळात वृद्ध व जायबंदी खलाशांच्या आश्रयासाठी होत्या. १६९४ मध्ये ही संस्था स्थापन झाली; आराखडा ख्रिस्तोफर रेन याचा. तिथल्या ‘पेंटेड हॉल’चे छत व भिंती रंगवायला जेम्स थॉर्नहिलला १९ वर्षे लागली. देवदेवता आणि राजाराणी यांच्या गर्दीत छतावर कोपर्निकस, टायको ब्राहे आणि वेधशाळेचा पहिला राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड हेही आहेत. फ्लॅमस्टीडच्या बाजूच्या कागदावर १७१५ च्या सूर्यग्रहणाचे भाकीत आहे. खलाशांच्या भोजनगृहाच्या छतावर खगोलशास्त्रज्ञ का, हा प्रश्न मुलांपुढे टाकण्याची जागा हीच. सागरी संग्रहालय १९३७ मध्ये उघडले. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या अंगावर असलेला, डाव्या खांद्यावर गोळीचे भोक पडलेला डगला तिथे आहे. तेवढे पाहून टेकडी चढायला हरकत नाही.

खलाशांपुढचा प्रश्न रेखांशाचा होता. अक्षांश काढणे सोपे असते: ध्रुवताऱ्याची किंवा माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली की उत्तर मिळते. पूर्व-पश्चिमेला असा स्थिर टेकू नाही, कारण पृथ्वी फिरत असते. ती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक अंश. जहाजावरची स्थानिक वेळ सूर्यावरून कळते. त्याच क्षणी एखाद्या ठरावीक ठिकाणी किती वाजले आहेत हे कळले, तर फरकावरून रेखांश निघतो. पण ती दुसरी वेळ भर समुद्रात कळायची कशी? ग्रिनिचचे मोल या एका प्रश्नात आहे.

दुसऱ्या चार्ल्सने १६७५ मध्ये वेधशाळेची स्थापना केली ती यासाठीच. चंद्र ताऱ्यांमधून सरकतो, त्यामुळे ताऱ्यांची स्थाने व चंद्राची गती अचूक माहीत असली तर चंद्रच घड्याळाचे काम करील, अशी ती कल्पना होती. इमारत रेनने आखली, पण पैसा तुटपुंजा होता. खर्च ५२० पौंडांच्या आसपास आला आणि बरेचसे सामान जुनेच वापरले. पायाही जुन्या मनोऱ्याचाच घेतल्याने इमारत खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३ अंश कलली. उंच खिडक्यांची देखणी अष्टकोनी खोली त्यामुळे याम्योत्तर वेधांसाठी, म्हणजे तारा उत्तर-दक्षिण रेषा ओलांडतानाच्या वेधांसाठी, निरुपयोगी ठरली, आणि फ्लॅमस्टीडने महत्त्वाचे वेध बागेतल्या साध्या छपरीतून घेतले. त्याचा वार्षिक पगार १०० पौंड होता आणि उपकरणे त्याला स्वखर्चाने घ्यावी लागत. न्यूटन व हॅली यांनी १७१२ मध्ये त्याची अपुरी निरीक्षणे परवानगीवाचून छापली, तेव्हा त्याने हाती लागलेल्या ३०० प्रती जाळून टाकल्या. मोजमाप पुरे होण्याआधी लोकांपुढे जाऊ नये, या आग्रहाची ही टोकाची पण समजण्यासारखी खूण आहे. त्याची सुमारे ३,००० ताऱ्यांची यादी त्याच्या मृत्यूनंतर १७२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

दरम्यान १७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजे खडकांवर फुटली आणि दीड-दोन हजार माणसे बुडाली. १७१४ मध्ये संसदेने समुद्रावर अर्ध्या अंशाइतक्या अचूकतेने रेखांश काढण्यासाठी २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या प्रवासात दोन मिनिटांत बसायचे, तर घड्याळ दिवसाला तीन सेकंदांहून अधिक चुकता कामा नये, तेही हेलकावे, थंडी, उष्मा आणि खारी हवा सोसून.

हे आव्हान जॉन हॅरिसन या सुताराने स्वीकारले. त्याची चार सागरी घड्याळे वेधशाळेत शेजारी-शेजारी आहेत. पहिले १७३५ चे, सुमारे ३४ किलोंचे, दांड्या-स्प्रिंगांचे उघडे यंत्र. ते अजून चालते. लंबक जहाजावर टिकत नाही, म्हणून त्याजागी स्प्रिंगने जोडलेल्या आणि परस्परविरुद्ध डोलणाऱ्या दोन दांड्या आहेत. तिसऱ्यावर १९ वर्षे खर्ची पडली. त्यातून द्विधातू पट्टी मिळाली, जी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आजही भेटते. चौथे, १७५९ चे, अगदीच निराळे: १३ सेंटिमीटर व्यासाचे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे. १७६१-६२ च्या जमैका सफरीत ८१ दिवसांनंतर ते सुमारे पाच सेकंदच मागे पडले. तरीही बक्षिसाचा निर्णय करणाऱ्या रेखांश मंडळाने पूर्ण बक्षीस रोखून धरले. उरलेला मोबदला १७७३ मध्ये, राजाच्या पाठिंब्यानंतर, संसदेने दिला. चौथ्या घड्याळाला वंगणाचे तेल लागते आणि चालवल्यास ते झिजेल, म्हणून ते बंद ठेवले आहे.

चंद्राची पद्धत वाया गेली नाही. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिनने १७६७ पासूनचे ‘नॉटिकल अल्मनॅक’ हे नाविक पंचांग सुरू केले. त्यातील आकडे ग्रिनिचच्या वेळेवर बेतलेले असल्याने जगभरचे खलाशी ग्रिनिचपासूनच रेखांश मोजू लागले. १८३३ पासून छतावरचा लाल गोळा रोज दुपारी एक वाजता खाली पडतो. नदीतल्या जहाजांनी त्यावर आपली घड्याळे लावायची. बारा टाळले, कारण त्या वेळी खगोलशास्त्रज्ञ सूर्याच्या वेधात गुंतलेले असत.

वेधशाळेच्या अंगणातली मूळ रेखावृत्ताची रेषा राजज्योतिषी जॉर्ज एअरीच्या याम्योत्तर दुर्बिणीतून ठरली. ती पूर्व-पश्चिम आसावर दगडी खांबांच्या मधोमध बसवली आहे. वर-खाली फिरते, बाजूला वळत नाही. १८५१ पासून तिने वेध घेतले. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद झाली आणि २२ विरुद्ध १ मतांनी हे रेखावृत्त स्वीकारले गेले. फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. जगातील बहुतांश जहाजे आधीच ग्रिनिचचे नकाशे वापरत होती, हा निर्णायक मुद्दा होता. निसर्गाने ही रेषा नेमलेली नाही, हे मुलांना इथे नीट सांगायला हवे.

अंशाला चार मिनिटांचा हिशेब आपल्याकडेही लावून पाहावा. मुंबईचा रेखांश सुमारे ७२ अंश ४९ मिनिटे पूर्व. चारने गुणले की ४ तास ५१ मिनिटे येतात, आणि तोच जुना ‘बॉम्बे टाइम’. १९०६ मध्ये ८२.५ अंशांवरची भारतीय प्रमाणवेळ आली, ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत वापरात होती.

मोबाइलवर रेखांश पाहत वेधशाळेच्या अंगणातल्या रेषेवर उभे राहिले, तर तो शून्य दिसत नाही. उपग्रहांवर आधारित शून्य रेखांश इथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, उद्यानात आहे. एअरीने आपले उपकरण तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनुसार समतल केले होते, आणि पृथ्वीचे वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्याने ती दिशा किंचित ढळलेली असते. उपग्रह-प्रणाली पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून मोजते. फरक ५.३ विकलांचा (कोनीय सेकंदांचा) आहे. विषुववृत्तावर एक विकला सुमारे ३०.९ मीटर असते. ग्रिनिचच्या ५१ अंश २८ मिनिटे अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे ०.६२३ ने, गुणल्यास ती १९.३ मीटर होते. तिला ५.३ ने गुणून १०२ मीटर येतात, हे विद्यार्थ्यांना जागेवरच करून पाहता येते.