वाड्यापासून समाधीपर्यंत

सिंदखेडराजाला मी लहानपणापासून जातो आहे, पण गाव पायी हिंडलो ते यंदा, दिवाळीनंतरच्या एका सकाळी. एरवी एसटीतून उतरायचं, रस्त्यालगतच्या राजवाड्यात शिरायचं, जिजाऊंच्या जन्मस्थानी डोकं टेकवायचं आणि परतायचं. 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, लोटणारी गर्दीही बहुतेक एवढंच पाहून जाते.

त्या सकाळी माझ्यापुढे एक आई होती. तिनं पाचेक वर्षांच्या लेकीचं बोट धरून कुंकू वाहायला लावलं. उरलेलं कुंकू पोरीनं फ्रॉकला पुसलं. आई रागावली नाही. फ्रॉकवरच्या त्या लाल रेघेकडे बघत राहिली. 1598 साली इथे जन्मलेली लेकही कधीतरी एवढीच होती. बाहेर आलो तर दाराशी फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "समाधीकडं गेलते का? वाड्यातूनच वापस नका जाऊ." त्यांच्या शब्दावर मी निघालो.

रंगमहालात रंगपंचमीला छोटी जिजा आणि शहाजी एकमेकांवर रंग उधळत होते आणि 'जोडा शोभतो' असं जिजाचे वडील लखुजीराव जाधव बोलून गेले, असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण त्या आवारात उभं राहिलं की ते खरं असावंसं वाटतं. पुढे दोघांचं लग्न झालं, आणि याच सोयऱ्यांत, जाधव-भोसल्यांत, वैर आलं. खंडागळ्यांचा हत्ती बिथरला त्या प्रसंगात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी आणि सासरचे संभाजी भोसले, दोघंही मारले गेले. माहेरचं सुतक आणि सासरचं सुतक एकदमच. त्या बाईनं कुणासाठी रडावं?

नीलकंठेश्वराला हात जोडून मी पाण्याच्या वाटेला लागलो. वऱ्हाडातल्या माणसाला पाण्याचं काम दिसलं की पाय आपोआप थांबतात. पुतळा बारवेच्या दगडांत मूर्तीच मूर्ती. पायऱ्या उतरताना एका मूर्तीच्या खांद्यावर हात टेकला. उन्हातही दगड गार होता. किती जणींनी कमरेवर घागर घेऊन, चढताना असाच हात टेकला असेल! पुढे मोती तलाव, आणि मधोमध इमारत उभी असलेला चांदणी तलाव. जाधवांच्या तलवारीचं पुष्कळ बोललं जातं, त्यांच्या पाण्याचंही तितकंच बोललं जावं, असं मला मनापासून वाटतं. काळाकोट मात्र मी बाहेरूनच पाहिला. त्या जाडजूड, अर्धवट राहिलेल्या भिंतींपाशी जीव रमेना.

मग समाधी. लखुजीरावांची ही छत्री एवढी भव्य आहे की आधी डोळे दिपतात, आणि मग ती कशासाठी उभी आहे ते आठवतं. 25 जुलै 1629. दौलताबादेला, म्हणजे जुन्या देवगिरीला, निजामशहाच्या दरबारात मुजऱ्याला गेलेले लखुजीराव, मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, चौघांनाही तिथंच कापून काढलं. देवगिरीच्या यादवांचं कूळ सांगणारं हे घर, आणि घात झाला तो देवगिरीवरच.

तारखा मला शाळेपासून पाठ होत्या, पण कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. इथे सावलीत बसून बोटांवर महिने मोजले. शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. म्हणजे बाप, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेल्याची बातमी कानावर आली, तेव्हा जिजाऊंना नुकतेच दिवस गेलेले होते. मी तिसऱ्यांदा बोटं मोजली.

याच छत्रीच्या जतनाचं काम चालू असताना, 2024 च्या जूनमध्ये पुरातत्त्व खात्याला शेजारच्या जमिनीत जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. देव शांत पहुडलेला, पायाशी लक्ष्मी. शतकानुशतकं माणसं त्याच्या अंगावरून येत-जात होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा परतलो. मावशींनी तांब्याभर पाणी पुढे केलं.

"पाह्यली?"

"पाह्यली, मावशी."

"मंग आता लेकीला सांगून जा. बापाला भेटून आलो म्हनून."

त्यांनी झेंडूची दोन फुलं माझ्या हातावर ठेवली, पैसे घेतले नाहीत. मी चपला काढल्या आणि पुन्हा वाड्याच्या दरवाजातून आत गेलो.