नागफणीचा कडा : दोर आणि कंडरा

लोणावळ्याहून कुरवंडे गांवाकडे जाणारी वाट धरली म्हणजे गांवापुढें डोंगर एकाएकीं संपतो आणि नागानें फणा उभारावा तसा काळा कडा दरीवर झुकलेला दिसतो. हीच नागफणी. इंग्रजांना तींत ड्यूक ऑफ वेलिंग्टनचें नाक दिसलें, आपल्या लोकांना नाग दिसला. ज्याची जशी दृष्टि! जवळच्याच घाटानें कारतलबखान कोंकणांत उतरला आणि फेब्रुवारी १६६१ मध्यें खालीं उंबरखिंडींत महाराजांनीं त्याची कोंडी केली.

गेल्या पौषांत आमचा पुतण्या व त्याचे मित्र या कड्यावर चढण्यास निघाले, तेव्हां वृद्धाचे पाय जातात तेथवर जाऊन आम्हीं त्यांची सिद्धता न्याहाळली.

प्रथम एक थैली उघडली. ती उलगडतांच तिची ऐसपैस चादर झाली आणि तीवर दोर पसरला. दोराचें हें सोंवळें आम्हांस अंमळ अधिकच वाटलें. पण कारण ऐकून पटलें. हा दोर नायलॉनचा. आंत भार वाहणाऱ्या तंतूंचा गाभा, बाहेर विणलेलें कवच. ही घडण १९५३ सालीं जर्मनींत निघाली. तत्पूर्वीं वाखाचे पिळलेले दोर असत. चढणारा पडला तर हा दोर ताणतो आणि झटका स्वतः सोसतो. परंतु वाळूचे बारीक कण आंत शिरले तर ते तंतु कापीत राहतात आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. म्हणून दोरावर पाय देणें हा मोठा अपराध. उन्हानेंही तो जीर्ण होतो. थैलींत त्याचीं वेटोळीं करीत नाहींत. एका टोंकापासून जसा येईल तसा सोडतात, म्हणजे गुंता न होतां सरसर निघतो. शेवटचें टोंक थैलीस बांधतात; तें सुटें राहून सांभाळणाऱ्याच्या हातांतून निसटलें, तर खालीं उतरणाऱ्याचा आधारच गेला!

इतकें पाहतों तों आमचें लक्ष पुतण्याच्या हाताकडे गेलें. उजवी अनामिका तो वारंवार चोळीत होता. तीन आठवडे ती दुखत होती. चढूं लागलें म्हणजे दुखणें मंदावे आणि दुसऱ्या सकाळीं मूठ वळेना. त्या दिवशीं सर्वांपुढें चढण्याचा मान त्याचाच होता.

बोटें वाकविणारें मुख्य मांस बोटांत नसतें, कोपराखालीं असतें. तेथून निघालेल्या कंडरा म्हणजे दोरच. बोटांच्या हाडांलगतच्या लहान कड्यांतून ते ओवलेले असतात. सुश्रुतानें १६ कंडरा व ९०० स्नायु सांगितले आहेत. त्याच्या परिभाषेंत स्नायु म्हणजे मांस नव्हे, बंधन. फळ्यांची नाव बंधनांनीं आवळली म्हणजे भार वाहते, तसेंच शरीर, हा त्याचा दृष्टान्त. कंडरेस रक्ताचा पुरवठा थोडा. मांस कांहीं आठवड्यांत बळावतें, कंडरेस महिने लागतात. म्हणून तरुणाचें बळ पुढें धांवतें आणि दोर मागें राहतो. हालचालींत वेदना थांबली म्हणजे दुखणें गेलें असें नव्हे. दुसऱ्या दिवसाची सकाळ हीच खरी साक्ष. तथापि अगदीं स्वस्थ बसणेंही हिताचें नाहीं. भाराविना कंडरा दुबळी होते. भार उतरवावा, मग सोसेल तसा हळूहळू वाढवावा. मात्र बोटांत कट्‌कन् आवाज होऊन सूज आली, तर डॉक्टरांस दाखविण्यास विलंब लावूं नये.

आम्ही एवढेंच म्हणालों, "बाळ, त्या दोरावर पाय पडला तर तुम्ही रागावतां, या दोराचें काय?"

तो क्षणभर ओशाळला. मग पुढचें टोंक त्यानें मित्राच्या हातीं दिलें आणि आपण खालीं राहून दोर सांभाळण्याचें काम पत्करलें. मित्राचा सगळा भार त्यावर होता. तें काम लहान नव्हतें.

हा न्याय केवळ कडे चढणारांचा नव्हे. कार्याच्या घरीं दिवसभर पोळ्या लाटणारें मनगट, वर्षभर बैठें काम करून एका रविवारीं गड चढणारी टांच, यांच्याही कंडरा तेंच सांगत असतात. वडील मंडळींनीं तें ऐकावें आणि तरुणांस "इतक्यानें काय होतें!" असें म्हणूं नये.