पाच मिनिटांत

स्टेशनाचं नाव लिहीत नाही. उद्याही तिथूनच रिक्षा धरायची आहे.

मुंबईहून पन्नासेक किलोमीटर लोकलनं आलो, तेही ऐन जुलैत, आणि तासाभरात आलो. याचं फार कौतुक नको. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडीसुद्धा 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला तासा-सव्वातासात पोचली होती. रुळांवरचा प्रश्न तेव्हाच बराचसा सुटला होता. उरले ते स्टेशनापासून घरापर्यंतचे तीन किलोमीटर.

पूल उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बसथांब्याच्या पत्र्यातून गळणारी धार चुकवत एक बाई पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या.

"शेवटची गेली का हो?"

"आली असती तर गेली असती," त्या म्हणाल्या.

मग रिक्षा. पावसात रिक्षा थांबत नाही, नुसती मंदावते. आपण वाकायचं, प्लॅस्टिकच्या पडद्यातून तोंड आत घालून पत्ता सांगायचा, आणि पत्ता संपायच्या आत ती पुढं गेलेली असते. एकानं नुसती मान हलवली. एकाचा गॅस संपला होता. तिसरा म्हणाला, "तिकडून रिटर्न भाडं मिळत नाही." खोटं नव्हतं ते, आमच्या बाजूनं त्या वेळी स्टेशनाकडं कोण निघणार? भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 प्रमाणं गुन्हा आहे, हे मला पाठ आहे. पण ज्याच्या चपलेतून पाणी चुळुकचुळुक करतंय त्या माणसाच्या तोंडी कलम शोभत नाही.

फोनवरून टॅक्सी मागवली. नकाशावर एक चिमुकली गाडी उगवली आणि शेजारी आकडा, 5 मिनिटं. लगेच ड्रायव्हरचा फोन. "कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?" दोन्ही उत्तरं चुकली असावीत, कारण गाडी वळली आणि नाल्यापलीकडं जाऊन बसली. आकडा मात्र 5 मिनिटंच. अशा वेळी मला जुनी पद्मिनी टॅक्सी आठवते. तिचा मीटर बाहेर, बॉनेटच्या डाव्या अंगाला असायचा. ड्रायव्हर खिडकीतून हात लांबवून तो पाडायचा. पाडला तर येतोय, नाही पाडला तर नाही. होकार-नकार चारचौघांत, तोंडावर. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनीही उतरली. आताचा नकार येतो म्हणून सांगतो आणि येत नाही.

तेवढ्यात आईचा फोन. "कुठवर आलास?"

"आलोच. पाच मिनिटांत."

उभा होतो तिथंच उभा होतो.

कोपऱ्यावर एकजण रिक्षाच्या काचेवर काहीतरी घासत होता. जवळ जाऊन पाहिलं तर तंबाखू. मूठभर ओली करून तो काचेवर गोल गोल फिरवत होता. तंबाखू फिरवली की पाणी काचेवर थेंब धरत नाही, वायपर नसला तरी रस्ता दिसतो. सगळी काच पुसून होईपर्यंत त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मग हात झटकत म्हणाला, "घरी चाललोय, काका. माझं घर त्या अंगाला."

"माझं या अंगाला."

का कुणास ठाऊक, त्याला हसू आलं. "बसा." बारा वाजायला दहा मिनिटं होती. बारानंतर सव्वापट भाडं घेता येतं. आणखी थोडा वेळ काच पुसत बसला असता तरी मी थांबलोच असतो. त्यानं मीटर टाकला. थांब्यावरून जाताना मी पडदा सारून पाहिलं, तर त्या बाई तिथं नव्हत्या. त्यांना काय मिळालं कोण जाणे.

खड्ड्यांत रिक्षा होडीसारखी डुलत होती. अर्ध्या वाटेत त्याचा फोन वाजला. कानाशी न धरता तो मोठ्यानं म्हणाला, "हो, निघालोय ना. हे काय, पाच मिनिटांत पोचतो." आणि माझ्या घराकडं, म्हणजे स्वतःच्या घराकडं पाठ करून, पुढचा खड्डा चुकवला.

आरशात आमची नजरानजर झाली. मी बाहेर बघू लागलो.

घरी कडी दोनदा वाजवली. आतून चपला घासत यायचा आवाज, मग दार. आई झोपेतून उठलेली, पदर सारखा करत. ओट्यावर तांदूळ धुऊन ठेवलेले, कुकर अजून गॅसवर चढायचा होता.

"अगं, फोनवर सांगितलं होतं ना?"

"हो की. पाच मिनिटांत म्हणालास," आई म्हणाली, "म्हणून जरा पडले."