पंपावरचे ओले फडके

मे महिन्यातील दुपार, जुना मुंबई–पुणे रस्ता आणि खोपोली मागे टाकून बोरघाट चढू लागलेली एक प्रीमियर पद्मिनी. १९८०च्या दशकात हा घाट ज्यांनी मोटारीने ओलांडला, त्यांना पुढचा प्रसंग सांगावा लागत नाही. एका वळणावर गाडी दोन-तीन गचके खाते, पाय दाबूनही वेग घेत नाही आणि निमूट बंद पडते. चालक घाबरत नाही. तो गाडी कडेला घेतो, मागच्या चाकाला दगड लावतो, बॉनेट उघडतो, सीटखालचे मळके फडके पाण्यात भिजवतो आणि इंजिनाच्या कुशीला चिकटलेल्या मुठीएवढ्या धातूच्या डबीवर ते गुंडाळतो. प्रवासी उतरून पाय मोकळे करतात. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन पुन्हा धरते आणि गाडी ते फडके तसेच पंपावर ठेवून लोणावळ्याकडे निघते.

त्या डबीला ‘पेट्रोल पंप’ म्हणत. रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपाशी तिचे नावापुरतेच नाते. टाकीतले पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचवणे एवढेच तिचे काम. हा धागा त्या डबीचा आणि तिच्यावरच्या फडक्याचा आहे. मोटारीच्या इतिहासात इंजिनाचे, वेगाचे, शर्यतींचे कौतुक पुष्कळ होते. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या चार-पाच हातांच्या वाटेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक चालती गाडी मध्येच बंद पडण्याच्या कितीतरी कहाण्या याच वाटेवर घडल्या आहेत.

पहिली कहाणी तर मोटारीच्या पहिल्याच लांब प्रवासात घडली. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ ही जर्मन स्त्री पती कार्ल यांना न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन त्यांच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून आपल्या माहेरगावी, फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. गाडीला वेगळी टाकीच नव्हती. कार्ब्युरेटरच्या भांड्यात मावेल तेवढे साडेचार लिटर इंधन, बस्स. म्हणून वाटेत वीसलोखच्या औषधविक्रेत्याकडून लिग्रोइन नावाचे, डाग काढायला वापरले जाणारे द्रव्य विकत घ्यावे लागले. आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा बेर्थाने आपल्या टोपीची लांब टाचणी काढून ती मोकळी केली, असे त्या कुटुंबाच्या आठवणींत सांगितले जाते. चढणीवर मुलांनी गाडी ढकलली, ते वेगळेच. इंधन अडकले, हाताशी असलेल्या वस्तूने मार्ग मोकळा झाला, प्रवास पुढे चालू. पुढची शंभर वर्षे चालक याच वळणाने वागत आले.

पंप नव्हता तेव्हा पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येई. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची टाकी पुढच्या सीटखाली होती. सीट उचलायची, काठी बुडवून किती पेट्रोल उरले ते पाहायचे. मोडण्यासारखे काही नाही, बिघडण्यासारखे काही नाही. अडचण एकच होती, पण ती भौमितिक होती. टाकी कमी भरलेली असताना तीव्र चढ लागला की गाडीचे नाक वर जाई, इंजिन टाकीच्या पातळीला येई, आणि वरून खाली वाहणाऱ्या पेट्रोलला ‘खाली’ उरतच नसे. मग अमेरिकेतील शेतकऱ्यांनी त्यावर साधा तोडगा काढला. गाडी वळवायची आणि टेकडी उलटी, मागच्या गिअरमध्ये चढायची. मागचा गिअर अधिक ताकदीचा असल्याने चढणही सोपी होई. दीड कोटींहून अधिक संख्येने बनलेली ही गाडी डोंगराकडे पाठ करून चढत असे, हे आज चेष्टेचे वाटते. तेव्हा ते रोजचे शहाणपण होते.

यावर दुसरा उपाय म्हणजे टाकी आणखी उंच नेणे. फोर्डच्याच नंतरच्या ‘मॉडेल ए’मध्ये ती थेट समोरच्या काचेखाली, प्रवाशांच्या गुडघ्यांपुढे बसवलेली होती. पेट्रोल बिनबोभाट वाहत होते, पण समोरासमोरच्या धडकेत ही सोय कुणाच्या मांडीवर सांडेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. टाकी मागे, डिकीखाली न्यायला हवी होती. मागची टाकी मात्र इंजिनापेक्षा खाली असते. म्हणजे पेट्रोल ओढून आणणे आले.

प्रथम हे काम इंजिनाच्या स्वतःच्या श्वासाकडून करून घेतले गेले. इंजिन हवा आत ओढते तेव्हा त्याच्या नळीत जी निर्वात ओढ निर्माण होते, तिच्या जोरावर पेट्रोल बॉनेटखालच्या एका छोट्या टाकीत खेचायचे आणि तिथून खाली सोडायचे. युक्ती मोठी चतुर होती. परंतु लांब चढणीवर चालक पाय पूर्ण दाबून ठेवी, तेव्हा इंजिनाची झडप सताड उघडी राहून ती ओढच नाहीशी होई. म्हणजे पेट्रोलची गरज सर्वांत जास्त, नेमका त्याच वेळी पुरवठा बंद. जाणते चालक चढणीवर मधूनच क्षणभर पाय उचलत, छोटी टाकी भरून घेत आणि पुन्हा दाबत.

१९२०च्या दशकाच्या अखेरीपासून बोरघाटातली ती डबी रूढ होऊ लागली. तिची रचना इतकी साधी आहे की शाळकरी मुलाला कागदावर काढून दाखवता येईल. मध्ये एक लवचीक पडदा, दोन बाजूंना एकेक झडप. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा एक तरफ ढकलतो, तरफ पडद्याला खाली ओढते, पेट्रोल आत येते. स्प्रिंग पडदा वर लोटते, पेट्रोल पुढे जाते. इंजिन फिरते तोवर पंप चालतो, वीज लागत नाही. मिस्त्रीच्या पेटीत पडद्याचा नवा संच असला की अर्ध्या तासात दुरुस्ती. पडदा फाटणे, झडपेत कचरा अडकणे, तरफ झिजणे हे त्याचे नेहमीचे आजार. पण सर्वांत छळणारा आजार पंपाचा नव्हताच, तो पेट्रोलचा होता.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, अनेकांचे मिश्रण आहे. त्यातील पेंटेनसारखे हलके घटक ३६ अंश सेल्सिअसलाच उकळतात. मे महिन्यात घाटाच्या पायथ्याशी सावलीतही तेवढे तापमान सहज असते, आणि पंप तर इंजिनाच्या तापलेल्या अंगालाच बोल्टने आवळलेला. त्यात तो पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीतला दाब कमी करतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. घाटात गाडी हळू चालते, बॉनेटखाली वारा खेळत नाही, इंजिन मात्र पूर्ण कष्ट करत असते. नळीत वाफेचा बुडबुडा धरतो. पडदा खाली-वर होत राहतो, पण द्रव ढकलण्यासाठी बनलेला पंप वाफ नुसतीच दाबतो आणि सोडतो. पुढे काही जात नाही. गॅरेजच्या भाषेत ‘पंपाने एअर धरली’. ती हवा नसून पेट्रोलचीच वाफ असे, हा तपशील सोडला तर निदान अचूक होते. ओल्या फडक्याचे शास्त्रही माठाचेच. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, डबी निवते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

ज्या चालकाने पदार्थविज्ञानाचे पुस्तक कधी उघडले नव्हते त्याने हे सारे बोटांनी ओळखले होते. काही जण तर घाट लागण्यापूर्वीच फडके गुंडाळून घेत. बोरघाटातल्या शिंगरोबाच्या देवळापुढे नाणे टाकणे जसे, तसेच हे. रेल्वेला घाटाची वाट दाखवणारा धनगर अशी शिंगरोबाची लोककथा आहे. त्याच्यापुढे थांबल्यावर इंजिनालाही दोन मिनिटे विश्रांती मिळे, हा योगायोग चालकांच्या पथ्यावर पडत असावा.

मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत एस.यू. कंपनीचा विजेवर चालणारा पंप असे. किल्ली फिरवली की तो टिक-टिक करू लागे आणि कार्ब्युरेटर भरला की शांत होई. त्याच्या आतले विजेचे दोन संपर्कबिंदू जळत, चिकटत, आणि पंप गप्प होई. उपाय, हातोडीच्या दांड्याने किंवा चपलेच्या टाचेने एक ठोका. ज्यांच्या घरी अशी गाडी होती त्यांना गाडीच्या आवाजाइतकीच तिची शांतताही ओळखू येत असे.

इंधन कमी पडणे हे एक संकट, पण पंपाने ते अति देणेही तितकेच घातक ठरू शकते, याचे ठळक उदाहरण रस्त्यावर नाही, आकाशात सापडते. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे मर्लिन इंजिन, विमानाने नाक एकदम खाली घातले की, ठसकत असे. प्रथम कार्ब्युरेटरमधले पेट्रोल वर उसळून पुरवठा क्षणभर तुटे. मग तरंगणाऱ्या गोळ्याने चालणारी झडप उघडीच राहून पंपाच्या पूर्ण जोराने पेट्रोल आत घुसे आणि इंजिन गुदमरे. जर्मन मेसरश्मिट १०९च्या इंजिनात पेट्रोल थेट फवारले जाई, त्यामुळे ते बिनदिक्कत सूर मारून निसटे. फार्नबरो येथील संशोधन संस्थेतील अभियंता बिआट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. पितळेची भोक असलेली एक छोटी चकती, पूर्ण ताकदीला लागेल तेवढेच पेट्रोल जाऊ देणारी. विमान सेवेतून न काढता ती बसवता येत असे. शिलिंग स्वतः ब्रुकलँड्सच्या मैदानावर ताशी १०० मैलांवर मोटारसायकल पळवणाऱ्या होत्या; ऐन वेगात इंजिन दगा देते म्हणजे काय, हे त्यांना कागदावरून समजून घ्यावे लागले नसेल.

मोटारीत फवारणीचे युग प्रदूषणाच्या नियमांनी आणले. बॉशची इलेक्ट्रॉनिक फवारणी १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली. भारतात २०००च्या आसपास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर वेगाने दिसेनासा झाला. फवारणीला वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाब लागतो. जुन्या डबीची झेप त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच होती. म्हणून नवा विजेचा पंप पेट्रोलच्या टाकीत, पेट्रोलमध्येच बुडवून बसवला गेला. आता पेट्रोल ओढले जात नाही, मागून रेटले जाते. दाबाखाली ते सहजी उकळत नाही. बोरघाटातला तो जुना छळ यामुळे जवळजवळ संपला, आणि ही खरोखर मोठी सुधारणा होती. भोवतालचे पेट्रोलच पंपाच्या मोटरला थंड ठेवते, म्हणून टाकी सतत तळाला आलेली ठेवणे या पंपाला मानवत नाही.

परंतु हा पंप मागच्या सीटखाली, झाकणाआड, टाकीच्या पोटात असतो. त्यावर फडके ठेवता येत नाही, टाचणी चालत नाही. तो बंद पडला की इंजिन बंद पडते, स्टिअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, आणि हे १०० किलोमीटरच्या वेगात, मागून ट्रक येत असताना घडू शकते. घाटात ३० च्या वेगाने गचके खात थांबणारी पद्मिनी निदान आधी सूचना तरी देत असे.

जानेवारी २०२० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ७ लाख गाड्या परत बोलावल्या. डेन्सो कंपनीने पुरवलेल्या पंपांतील प्लास्टिकचे छोटे पंखचक्र पेट्रोल शोषून फुगे, वाकडे होऊन पंपाच्या भिंतीला घासे आणि अडकून बसे. हा आकडा पुढे जगभरात लाखांच्या पटीत वाढत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये होंडाच्या भारतीय कंपनीने पंपातील सदोष पंखचक्रासाठी २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या तपासणीस बोलावल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये आणखी ७७,९५४. जुलै २०२३ मध्ये जपानच्या तोत्तोरी प्रांतात पंप निकामी होऊन थांबलेल्या गाडीवर मागून वाहन आदळले आणि एकाचा जीव गेला. डिसेंबरमध्ये होंडाने त्या देशात ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या.

भारतात सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला २०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने मिळाला. तोवर सारे निर्मात्यांच्या मर्जीवर होते. आता गाडीमालक कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षर-अंकांचा क्रमांक भरतो आणि आपल्या टाकीतला पंप त्या यादीत आहे का ते पाहतो. पंपाची काळजी चालकाच्या हातून निर्मात्याच्या आणि सरकारच्या हातात गेली आहे. ते योग्यच आहे. पेट्रोलच्या वाफेत हात घालून उभे राहणे हा कुणाचा हक्क नव्हे. मात्र ज्याला बोटांनी काही समजत नाही त्याला कागदावरचे समजले पाहिजे. कंपनीकडून आलेली सूचना जाहिरात समजून बाजूला टाकणारा मालक जुन्या चालकापेक्षा अधिक असहाय आहे, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी रस्त्यावरून उतरली. शहरातील बहुतेक टॅक्सी त्याच्या कितीतरी आधी सीएनजीवर आल्या होत्या. सिलिंडरमधून दाबाखाली येणाऱ्या वायूला पडद्याचा पंप लागत नाही, आणि तो मुळातच वायू असल्याने उकळण्याचाही प्रश्न नाही. त्यामुळे मुंबईच्या टॅक्सीतले ओले फडके टॅक्सीच्या आधीच निवृत्त होऊन काच पुसण्याच्या कामाला लागले होते.